ठेवलेला कान

"ही करंजी हाय काय ओ मॅडम?"

भैयासाहेब रणनवऱ्यांनी माझा कागद आधी सरळ, मग आडवा, मग उलटा धरून पाहिला. टेबलाभोवती बसलेली मंडळी हसली. अध्यक्ष हसले की हसायचं, ही त्या संयोजन समितीची पहिली शिस्त होती.

"करंजी नाही, कान आहे," मी म्हणाले.

"कान?"

"पैलवानाचा. मोडलेला."

हसू थांबलं. कुणीतरी चहाचा कप बशीत ठेवला.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली असतील. कोल्हापुरात पहिल्यांदाच महिलांची आशियाई कुस्ती स्पर्धा भरणार होती. मंगोलिया, जपान, कझाकस्तान, कुठकुठल्या मुली येणार होत्या. तिच्यासाठी बोधचिन्ह हवं होतं, आणि त्या चिन्हावरून पुढचं सगळं: झेंडे, तिकिटं, खेळाडूंची ओळखपत्रं, पिशव्या, पदकांच्या फिती, मॅटच्या मधलं वर्तुळ. माझा स्टुडिओ तेव्हा राजारामपुरीत एका छापखान्याच्या माडीवर होता. स्टुडिओ म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि खालच्या मशीनची धडधड. लग्नपत्रिका, दूधपिशव्या आणि निवडणुकीची पत्रकं करून मी पोट भरत होते. हे काम मिळालं तर ही मंजुषा सरनाईक कुठल्या कुठे जाणार, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगते, त्या दिवशी मला कामापेक्षा तो कान हवा होता. तो आहे तसा, सगळ्या जगासमोर.

माझ्या कागदाशेजारी पुण्याच्या एका बड्या जाहिरातवाल्यांचा कागद होता. त्यावर खांद्यावर गदा घेतलेला एक दणकट पैलवान होता. त्याची मिशी पुसून नाकात नथ घातलेली होती. दंड, मांड्या, मान, सगळं होतं तसंच ठेवलं होतं. दुसऱ्याच कुठल्यातरी स्पर्धेत नापास झालेलं चित्र नथ घालून आमच्याकडे पाठवलंय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे कसं मराठमोळं वाटतंय," समितीचे सचिव प्राध्यापक गवंडी म्हणाले.

"सर, हिच्या हनुवटीवर अजून दाढीचे खुंट आहेत," मी म्हणाले.

माझ्या कागदावर लाल मातीच्या रंगाचा एकच फटकारा होता. बाहेरून गोल, आतून गाठाळ कान, आणि वर घट्ट ओढून बांधलेल्या केसांची रेघ. नखाएवढं छापलं तरी ओळखू यावं आणि स्टेडियमच्या भिंतीएवढं केलं तरी पोकळ वाटू नये, म्हणून मी महिनाभर घासत बसले होते.

कोल्हापुरात मोडक्या कानाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. कुस्तीत डोक्याला डोकं घासून, पकडीत रगडून कानात रक्त साठतं. तसंच राहू दिलं की ते आत घट्ट होतं आणि कान जन्माचा गाठाळ होतो. असा कान दिसला की एसटीत लोक सरकून जागा देतात, दुकानदार 'या पैलवान' म्हणून खुर्ची पुढे करतो. मी तेच चिन्ह घेतलं होतं. फक्त ते मुलीचं होतं.

टेबलाच्या टोकाला चौगुले वस्ताद बसले होते. सत्तरी उलटलेली, डोक्याला पटका, दोन्ही कान मोडलेले. मुलींना कुस्ती शिकवायला आमच्याकडे पहिल्यांदा तेच उभे राहिले. तालमीतल्या मातीच्या हौद्यात मुलींना उतरू देत नाहीत म्हणून त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली, त्यात मॅट टाकली आणि गावाच्या शिव्या खाल्ल्या. त्या शेडमध्ये मीही कितीतरी सकाळी वही घेऊन बसले होते. त्यामुळे वस्तादांचा आधार मला मिळणारच, असं मी धरून चालले होते.

त्यांनी कागद जवळ ओढला आणि बराच वेळ पाहिला.

"ह्यो सारिकाचा हाय," ते म्हणाले.

मी नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. वस्तादांनी बरोबर ओळखलं होतं. मुरगूडकडची सारिका खोराटे, त्यांची सगळ्यात तयारीची मुलगी, या स्पर्धेत आपल्या संघातून खेळणार होती. कान तिचाच होता. मी काढलेलं तिला दाखवलंही होतं. "बरा आलाय," एवढंच बोलून ती दोर चढायला गेली होती.

"चित्र झ्याक हाय," वस्ताद म्हणाले. "पन न्हाई चालायचं."

"का?"

"पोरीचा हाय म्हणून. गड्याचा कान मोडला तर त्यो दागिना. पोरीचा मोडला तर व्यंग. मी न्हाई म्हणत, जग म्हणतंय. तिच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय, आन मीच मधी हाय. पाव्हण्यांस्नी सांगून ठेवलंय, अपघातानं झालं, केसानं झाकतंय. आन तुमी त्यो कान चौकाचौकात टांगणार?"

हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात भैयासाहेबांना सुचलं.

"मग आसं करू की. कान ऱ्हाऊ दे, त्यात मोत्याची कुडी घाला. झाकतंय बी आन मराठमोळं बी हुतंय!"

समितीला ते भलतंच आवडलं. कुणी कुडी म्हणालं, कुणी झुमका, कुणी म्हणालं वर एक बुगडीही बसेल. बाजूच्या एकानं कुडीत आशियाचा नकाशा घालता येईल का, असंही विचारलं. माझं डोकं तापलं.

"दागिना घालून मॅटवर उतरता येत नाही," मी म्हणाले. "पंच बाहेर काढतात. आपल्याच स्पर्धेच्या नियमांत आहे. परदेशी मुली आपल्याला हसतील."

"लोगो काय कुस्ती खेळणार हाय काय?" भैयासाहेब म्हणाले.

पुन्हा हशा. गवंडी सर शेजाऱ्याच्या कानाशी लागले, पण मला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं बोलले, "कानामागून आली आणि तिखट झाली."

"सर, तिखटाशिवाय कोल्हापुरात कोण विचारतं?" मी कागद उचलत म्हणाले.

"गुरुवारपर्यंत कुडी घालून आणा मॅडम," भैयासाहेब म्हणाले. "न्हाईतर ह्यो मिशीवाला फायनल."

त्यांना स्वतःलाही तो मिशीवालाच वाटत होता, याचं मला त्या रागातही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी मुरगूडची एसटी धरली. सारिकाशी बोलल्याशिवाय रेघ ओढायची नाही, असं ठरवलं होतं. घरी ती नव्हती. पडवीत तिची आई, आक्काताई, तांदूळ निवडत बसली होती. माझ्या आधी वस्तादांचा फोन पोचला होता.

"तुमीच व्हय त्या कानवाल्या बाई?"

"मीच."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला पाट दिला. भांडायला बसेल असं वाटलं होतं, पण ती भांडली नाही. तिनंच भांडणाला सुरुवात केली असती तर बरं झालं असतं.

"बाई, पोरगा पोलिसात हाय," ती म्हणाली. "आईबाप चांगलं हाईत. पोरीला कुस्ती खेळू देतो म्हणालं. आसं कोन म्हणतंय सांगा बघू? न्हाई म्हणणारी धा आली आन गेली. आता तुमी त्यो कान मोठा करून लावला, की पाव्हणं-रावळं त्यांस्नी चिडवणार. मग कोन थांबतंय? तुमच्या पाया पडतो मी. घाला की कुडी. एवढीशी तर असती."

समितीशी भांडणं सोपं होतं. तिथं सगळे हसत होते, मीही टोले देत होते. या बाईशी कशी भांडणार? तिचं एक अक्षरही खोटं नव्हतं. मी शहरात राहून मुलींच्या मोडक्या कानाचा मान मिरवणार, माझं नाव होणार, आणि त्याची किंमत हिच्या घरानं द्यायची. मला माझीच लाज वाटली.

"घालते कुडी," मी म्हणाले.

आक्काताईनं डोळे पुसले. माझ्या तोंडातून शब्द गेला आणि त्याच क्षणी मला असा संताप आला, की समोरचं सूप लाथाडावं. कुणावर आला ते कळेना.

तेवढ्यात सारिका आली. खांद्याला पिशवी, अंगात घामेजलेला टीशर्ट, आणि केस मोकळे सोडून दोन्ही कानांवर ओढलेले. घराबाहेर कान झाकूनच फिरायचं, असा आईचा दंडक होता. शेडमध्ये मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. क्षणभर ओळखलीच नाही.

"काय घालतासा?" तिनं विचारलं. तिनं ऐकलं होतं.

"कुडी."

"कुनाच्या कानात?"

"तुझ्या. म्हणजे चित्रातल्या."

"मग मला इचारायला नको?"

"तू गप बस," आक्काताई म्हणाली. "तुज्यासाठीच चाललंय सगळं."

सारिकानं कळशीतलं पाणी तांब्यानं घेतलं, उभ्या उभ्या घटाघटा प्यायली आणि तांब्या जागेवर पालथा घातला.

"बैठक कवा हाय, ताई?"

"गुरुवारी."

"मी येतो."

"तिथं येऊन काय करणार?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "कान दावतो."

आईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मी परतीच्या एसटीत बसून कागद बाहेर काढला आणि पेन्सिलीनं त्या कानात एक कुडी काढून पाहिली. सहा मोती, वर एक. छान दिसत होती. इतकी छान, की कान दिसेचना. ते चित्र मी फाडलं आणि खिडकीबाहेर टाकलं. शेजारच्या आजोबांनी कचरा टाकल्याबद्दल मला झापलं, तेही मी ऐकून घेतलं.

गुरुवारी समिती पुन्हा जमली. मी आत गेले तेव्हा सारिका माझ्या मागोमाग आली. ट्रॅकसूट घातलेला, केस वर घट्ट बांधलेले. पंख्याखाली बसलेल्या त्या सगळ्या पुरुषांच्या नजरा पहिल्यांदा तिच्या कानावर गेल्या आणि मग खिडकीबाहेर गेल्या.

"ये ये सारिका," भैयासाहेब म्हणाले. "तू कशी काय?"

ती थेट टेबलाच्या टोकाला गेली, वाकली आणि चौगुले वस्तादांच्या पाया पडली. त्यांनी सवयीनं तिच्या पाठीवर थाप मारली, मग हात मागे घेतला.

"हितं कशाला आलीस?"

"वस्ताद, तुमी पाव्हण्यांस्नी काय सांगितलासा? कान कशानं झाला म्हणून?"

"अपघातानं. दुसरं काय सांगणार?"

"अपघात न्हवता त्यो."

वस्तादांचा चेहरा उतरला. वस्तादाला उलटून बोलायचं नसतं, हे तालमीत शिरणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. सारिका बोलत होती, पण हात जोडलेलेच होते.

"तालमीतल्या दिग्विजयचा कान रक्तानं भरला, त्याच आठवड्यात माजा भरला," ती म्हणाली. "त्याच्या कानाला तुमी मारुतीपुढं नारळ फोडलासा. खोबरं सगळ्या तालमीला वाटलासा. मी बी खाल्लं. पैलवान झाला म्हणालासा. आन माज्या कानाला काय? डॉक्टर बोलवलासा. सुई."

"पोरींचं काढतूच की आपण," वस्ताद म्हणाले. "सगळ्याच पोरींचं काढतू. रक्त काढायचं, पट्टी बांधायची, कान सरळ ऱ्हातूय. तुमच्या भल्यासाठीच."

"व्हय. सगळ्या पोरींचं काढतासा. एकीला तरी इचारलासा?"

ती समितीकडे वळली, पण पाहत माझ्याकडे होती.

"डॉक्टरनी सुई काढली हुती. मी म्हटलं, नको. वस्ताद म्हणाले, येडी हायस काय. मी पळून घरी गेलो. घरी आई डॉक्टरला बोलवणार म्हणून मळ्यातल्या खोपीत जाऊन निजलो. लई दुखत हुतं. कुशीवर वळता येईना. पन ठेवला. माजा कान मोडला न्हाई. मी ठेवलाय."

मी महिनाभर त्या कानासमोर बसले होते. त्याची प्रत्येक गाठ मला पाठ होती. जखम, सोसणं, घाम, कष्ट, असे मोठमोठे शब्द मी त्या कागदाखाली इंग्रजीत लिहून आणले होते. तो कान तिच्यावर ओढवला होता असंच मी समजत होते. ती सुईसमोरून उठून गेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"भैयासाहेब," सारिका म्हणाली, "दिग्विजयचा कान दागिना, तर माजा बी दागिना. एका कानात दोन दागिने कशाला घालतासा?"

या वेळी भैयासाहेब हसले नाहीत. ते वस्तादांकडे पाहू लागले. सगळेच पाहू लागले.

वस्तादांनी पटका काढून टेबलावर ठेवला. डोक्यावर हात फिरवला. मग उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली.

"कुडी घालायचीच असली तर आदी ह्या कानात घाला," ते म्हणाले. "मग पोरीच्या घाला."

"अहो पण वस्ताद, ती सोयरीक..." गवंडी सर चाचरले.

"सोयरीक माजं मी बघतो. तुमी ह्ये छापा."

काम मला मिळालं. दोन महिन्यांत कोल्हापूरभर तो कान लागला. बस स्थानकावर, स्टेडियमच्या वाटेवर, मुलींच्या पाठीवरच्या पिशव्यांवर, मॅटच्या मधोमध. लोक थांबून बघत, पहिल्यांदा करंजी म्हणत, मग कुणीतरी जाणता सांगे. मंगोलियाच्या मुली उतरल्या, त्यांनी विमानतळावरच्या फलकाखाली आपापले केस मागे सारून फोटो काढून घेतले. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

गोड शेवट मात्र झाला नाही. सोयरीक मोडली. पाहुण्यांनी निरोप धाडला, मुलगी चांगली आहे पण बोभाटा फार झाला. आक्काताई त्यानंतर माझ्याशी कधीच बोलली नाही, आणि तिला दोष देण्याइतकी मी निगरगट्ट नाही. सारिका दुसऱ्याच फेरीत हरली. मी प्रेक्षकांत बसून रडले, दुःखानं थोडी आणि रागानं जास्त. ती बाहेर आली तेव्हा मी सोयरिकीबद्दल काहीतरी पुटपुटले.

"पोलिसात असून कानाला भ्यालं," ती म्हणाली. "नको मला आसला."

स्पर्धा संपल्यावर वस्तादांचा निरोप आला: शेडच्या पत्र्याच्या दारावर ते चिन्ह रंगवून द्या. मी ब्रश आणि लाल रंगाचा डबा घेऊन गेले. कॉम्प्युटरवर काम करून हाताची ब्रशची सवय सुटली होती, त्यामुळे स्टुलावर उभी राहून हळूहळू रेघ ओढत होते. आत मुलींचा सराव चालला होता. सारिका नव्या मुलींना पकडी दाखवत होती.

मध्येच सराव थांबला. गडहिंग्लजहून आलेल्या एका मुलीचा कान सुजून टुम्म झाला होता. तेजस्विनी तिचं नाव. तिला बाकावर बसवलं. डॉक्टर आले, पेटी उघडली, कापूस काढला. मुली भोवती गोळा झाल्या. मी ब्रश हातात धरून पाहत राहिले.

डॉक्टरांनी सुई काढली आणि वस्ताद मध्ये आले.

"थांबा." ते बाकापुढे उकिडवे बसले. त्या वयात त्यांना ते सोपं नव्हतं. "पोरी, काय करायचं? काढायचं, का ऱ्हाऊ द्यायचं?"

तेजस्विनीनं वस्तादांकडे पाहिलं, मग सारिकाच्या कानाकडे, मग उघड्या दारावरच्या माझ्या अर्धवट रंगवलेल्या कानाकडे. ती काय म्हणणार, याची मला खात्री होती. माझी छाती फुगली होती, आता कबूल करायला हरकत नाही.

"काढा," तेजस्विनी म्हणाली. "लई दुखतंय."

माझा चेहरा पडला. वस्तादांचाही पडला. मला वाटतं माझ्यापेक्षा जास्तच.

"बघ हां," ते म्हणाले. "घाई करू नगंस. ठेवलास तर चार लोकांत..."

सारिका पुढे आली. तिनं तेजस्विनीचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं, सुजलेला कान डॉक्टरांकडे केला आणि वस्तादांकडे पाहिलं.

"ऐकू आलं न्हाई काय वस्ताद? काढा म्हणती ती."